तिसऱ्या शिफ्टची काजळी

कंट्रोल रूमचं प्रमुखपद मिळालं तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब धाकट्यानं दाढी करताना केला होता, जिना चढताना केला होता आणि बायको बोलत असताना ऐकत असल्याचा चेहरा करूनही केला होता. इतक्यांदा की तो आता पाठच झाला होता. पगारात वाढ होती, पण ती डोळ्यांत भरण्याजोगी नव्हती, म्हणून तिला यादीत खालची जागा. फक्त दिवसाचं काम, म्हणजे माणसासारखी झोप. खिडकी असलेली स्वतंत्र खोली. लेकीच्या शाळेतल्या पालकसभेत डुलक्या न घेता बसता येणं. आणि सगळ्यांत वरची, मोठ्यानं कधीही न उच्चारलेली बाब म्हणजे सासऱ्यांच्या घरी रविवारच्या जेवणात साडूच्या वरचा मान.

साडू म्हणजे थोरला. सासऱ्यांना दोन मुली, दोन जावई, आणि दोन्ही जावई एकाच वीज केंद्रात शिफ्ट इन्चार्ज. असा योग कुणाच्या पत्रिकेत येऊ नये. थोरल्यानं काही केलं की धाकट्याला ते आधीच करायला हवं होतं असं ठरे, आणि धाकट्यानं काही केलं की थोरल्यानं ते तरुणपणीच सोडून दिलेलं असे.

केंद्र कोळशावर चालणारं, जुनं, पण अजून धडधाकट. तिथं तीन शिफ्टमध्ये काम चाले. शिफ्टच्या वेळा आठवड्याला बदलत, क्रम मात्र बदलत नसे. मॅडम सुटल्या की धाकटा बसे, धाकटा उठला की थोरला, आणि थोरल्याच्या मागून पुन्हा मॅडम. मॅडम म्हणजे तिसऱ्या शिफ्टच्या इन्चार्ज. आवाज बारीक, लिखाण नेटकं, डबा नेहमी एकटीनं खाणाऱ्या.

कंट्रोल रूमचे जुने प्रमुख निवृत्त व्हायला आले तेव्हा केंद्राच्या साहेबांनी तिघांना बोलावलं आणि सांगितलं, "मी कुणाची शिफारस ऐकणार नाही. आपल्या चिमणीतून तासातासाला किती कार्बन बाहेर पडतो ते हल्ली सरकारी साइटवर साऱ्या जगाला दिसतं. दर युनिट विजेमागे ज्याच्या शिफ्टचा कार्बन कमी, तो कोळसा नीट जाळतो. या तिमाहीचे आकडे मी बघणार. जगाला दिसतात तेच."

साऱ्या जगाला दिसत होते हे खरं. पण जगाला दुसरी कामं असतात. ते आकडे रोज बघणारा माणूस त्या गावात एकच होता, आणि दुर्दैवानं तो या दोघांचा सासरा होता.

बाबांनी आयुष्यभर पाणीखात्यात मीटर वाचले होते. लोकांच्या घरांच्या मागच्या बाजूला वाकून, झाकण उचलून, मान तिरकी करून वाचले होते. निवृत्तीनंतर वाचायला काही उरलं नाही आणि ते सुकायला लागले. मग नातीनं त्यांना ती साइट दाखवली आणि त्यांना पालवी फुटली. वर निळी रेघ, खाली तासांची रांग. कोणता जावई कधी कामावर आहे ते मुली फोनवर सांगतच. चहाचा कप संपायच्या आत बाबा रेघेखाली जावई मांडून मोकळे होत.

"थोरले, काल दुपारी जरा चढलात."

"कोळसा ओला होता, बाबा."

"धाकट्यांना तोच कोळसा मिळाला ना? का त्यांनी वाळवून घेतला?"

धाकटा तेव्हा ताटात बघून हसला. त्या हसण्याची चव त्याला लागली, आणि गडबड तिथून सुरू झाली.

बॉयलरमधल्या नळ्यांवर काजळी धरते. ती धरली की उष्णता नळीत शिरत नाही, तशीच चिमणीतून निघून जाते, आणि तेवढ्याच विजेला जास्त कोळसा लागतो. म्हणून दर शिफ्टमध्ये एकदा वाफेचे झोत मारून नळ्या झाडायच्या, असा तिथला जुना शिरस्ता. पण ती वाफ येणार कुठून? बॉयलरमधूनच. म्हणजे जो झाडतो त्याच्या तासात वाफ खर्ची पडते, वीज कमी निघते, आणि त्याची रेघ वर उडी मारते. फायदा मिळतो तो पुढच्या शिफ्टला. आजवर याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी झाडायचा आणि दुसऱ्यानं झाडलेलं वापरायचा. रेघ दिसायला लागली आणि प्रत्येकाला आपला तास दिसायला लागला.

धाकट्यानं पहिल्यांदा टाळलं तेव्हा कारण खरं होतं. विजेची मागणी वाढली होती आणि झाडायला सवड नव्हती. त्यानं नोंद केली: 'लोड जास्त, काजळी झाडणे पुढील शिफ्टकडे.' त्या दिवशी त्याची रेघ इतकी सपाट आली की बाबांनी फोन करून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी लोड बेताचा होता. कारण तेच लिहिलं. खोट्याचं असंच असतं, एकदा चप्पल पायात बसली की ती आपलीच वाटते.

थोरला काही दूधखुळा नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या धुराचं तापमान बघून त्यानं ओळखलं की धाकट्यानं घाण तशीच ठेवली आहे. त्यानंही लिहिलं: 'लोड जास्त.' आणि दोघांची शिळी काजळी मॅडमच्या दारात नेऊन टाकली.

मॅडम झाडत होत्या. स्वतःची आणि दोघांची. त्यांच्या तासात रेघ डोंगरासारखी चढे. मग धाकटा येऊन बसे तो लख्ख बॉयलरवर, आणि त्याची रेघ एखाद्या सुखवस्तू माणसासारखी पाय पसरून पडे.

तिमाही अशी मजेत चालली होती. रविवारी बाबा म्हणाले, "दोन्ही जावई पहिल्या वर्गात. धाकटे जरा सरस. पण तुमची ती तिसरी शिफ्ट कोण हो चालवतं? फार उधळी आहे!"

थोरल्यानं पाण्याचा पेला उचलला. धाकट्यानं दह्याची वाटी पुढे ओढली. त्या दोघांचं लग्नापासून पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं: गप्प बसण्यावर.

"मी सोडणार नाही," बाबा म्हणाले. "गळती दिसली आणि मी सोडली असं कधी झालंय?"

"बाबा, आता निवृत्त झालात ना तुम्ही," धाकटी लेक, म्हणजे धाकट्याची बायको, म्हणाली.

"खात्यातून झालोय. डोळ्यांतून नाही."

त्यांचा शब्द खरा ठरला. साइटवर खाली एक जागा होती. कुठल्याही नागरिकानं आकड्यांबद्दल विचारावं आणि केंद्रानं त्याचं उत्तर तिथंच, सगळ्यांना दिसेल असं द्यावं. आजवर ती जागा कोरीच होती. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी धाकट्याला बोलावलं आणि संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"वाचा. पहिलाच प्रश्न आलाय. माणूस भलताच बारकाईचा दिसतो."

धाकट्यानं वाचलं. 'एका विशिष्ट शिफ्टच्या काळात दर युनिट कार्बनचे प्रमाण सातत्याने अधिक का? या गळतीस जबाबदार कोण?' खाली सासऱ्यांचं पूर्ण नाव, आणि 'सेवानिवृत्त मीटर वाचक' हा हुद्दा.

"ओळखीचे आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"लांबचे," धाकटा म्हणाला. सासुरवाडी दोन बसथांब्यांवर होती.

"तुमची भाषा बरी आहे. उत्तर तुम्ही लिहा. फार पाल्हाळ नको. तिसऱ्या शिफ्टच्या कामात त्रुटी आढळल्या असून सुधारणा करण्यात येत आहे, एवढं पुरे. मॅडमना मी कोळशाच्या यार्डात घेतो. तिथं तसा माणूस हवाच आहे." मग चष्मा काढून ते म्हणाले, "आणि तुमचे आकडे मी बघतोय बरं का. छान आहेत."

धाकटा बाहेर आला तेव्हा पद त्याच्या खिशातच असल्यासारखं होतं. एक वाक्य लिहायचं, एवढंच. त्या वाक्यात खोटं तरी काय होतं? तिसऱ्या शिफ्टचा कार्बन जास्त होता, हे जगाला दिसतच होतं.

दुपारी तो शिफ्ट ताब्यात घ्यायला गेला. मॅडम नोंदवही बंद करत होत्या. यार्डाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. अशा बातमीला कंट्रोल रूममध्ये विजेपेक्षा वेग असतो.

"झाडून ठेवलंय सगळं," त्या म्हणाल्या. "आज काजळी जरा चिवट होती. तीन वेळा झोत मारावा लागला."

त्याला राहवलं नाही. "मॅडम, तुम्ही... एखाद्या दिवशी तुम्हीही सोडून द्यायची."

"सोडली असती हो. कुणाकडे सोडू? तुमच्याकडे?"

धाकट्यानं नोंदवही आपल्याकडे ओढली.

"मला काय दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? धुराचं तापमान माझ्याही समोर लिहून येतं. पण मी तक्रार केली की उद्या म्हणणार, बाईंना शिफ्ट झेपत नाही. न झाडता ठेवलं तर एक दिवस नळी फुटणार. आणि फुटताना नळी विचारत नाही, आत्ता कुणाची शिफ्ट आहे म्हणून. खाली माणसं काम करत असतात." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "यार्डात काय, उन्हात उभं राहायचं. तेही करीन. तुमचं अभिनंदन आत्ताच करू की नंतर?"

असा टोला त्या बारीक आवाजातून येईल असं धाकट्याला वाटलं नव्हतं. तो बसला. समोर लख्ख बॉयलरचे लख्ख आकडे होते, आणि त्यातला एकही त्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं थोरल्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"साडूभाऊ, हे झाडणं टाळण्याचं आता पुरे करू."

"पुरे कर की. सुरू कुणी केलं?"

"मी केलं."

थोरला चहा फुंकायचा थांबला. वीस वर्षांच्या नात्यात धाकट्यानं काही कबूल केल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याला त्यात लगेच डाव दिसला.

"म्हणजे मी झाडायला लागायचं, माझी रेघ वर जाणार, आणि तू खुर्चीत? वा रे वा! मी काय काल जन्मलो?"

"दोघांनी झाडू."

"आधी तू."

"बरं, उद्यापासून मी."

"आणि मी नाहीच झाडलं तर?"

"तर मॅडम झाडतील. पण निदान माझी काजळी तरी नाही."

"तिमाही संपायला आलीय रे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज आता खरंच काळजीचा होता. "खुर्ची तुझ्या हातात आलीय. तुझ्या बायकोला सांगितलंस का हे?"

सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर सांगितलं. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून तिनं एक उशीचा अभ्रा उलटा करून पुन्हा सुलटा केला.

"म्हणजे बाबांनी ज्या बाईंची तक्रार केली, त्या तुमचंच उष्टं काढत होत्या?"

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही, तसंच. आणि आता ते पत्र तुम्ही लिहिणार, माझ्या बाबांना?"

"हो."

"मग नीट लिहा. बाबा प्रत्येक शब्द वाचतात. आणि खोटं असेल तर पुन्हा प्रश्न विचारतील, त्यांना ओळखता ना?" तिनं अभ्रा ढिगावर ठेवला. "दिवसाचं काम मिळालं असतं तर बरं झालं असतं हो. तुमच्या झोपेसाठी म्हणतेय मी." आणि तिनं घड्यांचा ढीग उचलून आत नेला.

धाकट्याला त्या रागापेक्षा ती शेवटची ओळ जड गेली. पण तिचं आधीचं म्हणणं त्याच्या डोक्यात बसलं. उत्तर साइटवर कायमचं राहणार. आज एक सासरा वाचेल, उद्या एखादा बॉयलर कळणारा माणूस वाचेल, तो एकदा रेघ बघेल, एकदा उत्तर बघेल आणि हसेल. एकाच शिफ्टचा बॉयलर वेगळा नसतो, हे पोराटोरालाही कळेल. धाकट्याच्या निर्णयात सज्जनपणा किती आणि भीती किती, याची वाटणी करायला बसलं तर भीतीचा वाटा मोठा निघेल. चालायचंच. विहिरीला पाणी कुठल्या झऱ्यानं आलं ते तहानलेला विचारत नाही.

त्या दिवसापासून त्यानं स्वतःच्या शिफ्टमध्ये झाडायला सुरुवात केली. त्याच्या तासात निळी रेघ उभी राहिली आणि लगेच फोन आला.

"जावईबापू, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, बाबा."

"मग हे टेंगूळ कसलं?"

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय. साइटवर येईल."

"तुम्ही लिहिताय?" बाबांचा आवाज एकदम अभिमानानं भरून आला, आणि धाकट्यानं फोन कानापासून जरा लांब धरला.

उत्तर त्यानं सरकारी भाषेतच लिहिलं, कारण त्या भाषेत लाज झाकायला भरपूर कापड असतं. 'महोदय,' असं सासऱ्यांना संबोधून त्यानं कळवलं की काजळी झाडण्याचं काम प्रत्येक शिफ्टनं करणं अपेक्षित असताना, गेल्या काही काळात दोन शिफ्टनी ते पुढे ढकललं. सर्व काम तिसऱ्या शिफ्टवर पडलं, आणि म्हणून त्या काळातील कार्बन अधिक दिसतो. गळती तिसऱ्या शिफ्टची नसून उरलेल्या दोन शिफ्टची आहे. त्यांपैकी एक शिफ्ट प्रस्तुत उत्तर लिहिणाऱ्याची आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे जगाला दिसणार आहे, माहीत आहे ना?"

"हो साहेब."

"शेवटचं वाक्य काढू या का?"

"काढलं तर प्रश्न विचारणारे गृहस्थ विचारतील की दोन शिफ्ट कुणाच्या."

"फार चिकट दिसतात."

"सासरे आहेत माझे."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि इतके हसले की बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला. मग हसू ओसरलं. त्यांनी खिडकीबाहेर चिमणीकडे पाहिलं. "चूक माझीही आहे. मी तिघांना शर्यतीला लावलं आणि गाडी एकच आहे हे विसरलो." त्यांनी मजकुराला हात लावला नाही. तसाच चढवला.

थोरला दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या तासात रेघेवर टेंगूळ आलं. कारण विचारल्यावर म्हणाला, "आता सगळं गाव माझ्या तासाकडे बघतंय, झाडू नको तर काय करू?" पण झाडत राहिला, आणि झाडण्यात त्याचा हात तिघांत सफाईदार आहे हेही दिसून आलं. त्यानं झोतांचा क्रम बदलला आणि वाफ कमी लागायला लागली. तो क्रम त्यानं मॅडमना दाखवला, धाकट्याला नाही. धाकट्याला तो मॅडमकडून कळला.

गंमत पुढे झाली. तीन टेंगळं आली, पण लहान लहान. ताजी काजळी हलक्या झोतानं निघते, शिळीला मार द्यावा लागतो. दिवसभराची रेघ हळूहळू खाली उतरली. कुणा एकाच्या शिफ्टची नाही, अख्ख्या केंद्राची. तेवढीच वीज आणि कोळसा कमी. जिल्ह्यातल्या केंद्रांच्या यादीत त्यांचं जुनं खोड शेवटून वर सरकलं, आणि शेजारच्या नव्याकोऱ्या केंद्रातून फोन आला की तुम्ही नेमकं काय केलंत. साहेबांनी तो फोन मॅडमकडे दिला. महिन्याभरानं पदही त्यांच्याकडेच दिलं. यार्डाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

बाबांनी उत्तर वाचलं तो रविवार जेवणाच्या टेबलावर फार शांत गेला. दुपारनंतर ते उठले, चष्मा पुसला, साइट उघडली आणि आपल्या प्रश्नाखाली एक ओळ लिहिली: 'मीटर बरोबर वाचले, घर चुकीचे ठरवले. तिसऱ्या शिफ्टच्या इन्चार्ज बाईंची क्षमा मागतो.' मग दोन्ही जावयांकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघं नापास. पण एकत्र नापास झालात, हे काय कमी आहे?"

"बाबा, आता आमची रेघ बघणं सोडा," थोरला म्हणाला.

"तुमची सोडलीच. तिघांची सारखी येते, त्यात वाचण्यासारखं काय राहिलंय? मी आता शेजारच्या जिल्ह्यातलं केंद्र धरलंय. तिथं दर मंगळवारी काहीतरी होतं."

तेव्हा एकदा बघू, या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं. धाकट्यानं दिवसाची झोप आणि खिडकीची खोली भरली; पालकसभेत तो अजून डुलक्या घेतो, पण आता बाजूला बसलेली बायको कोपरानं ढोसते आणि हसते. थोरल्यानं 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणण्याचा हक्क भरला, आणि तो त्याला सगळ्यांत महाग पडला. साहेबांनी एक भाषण भरलं, जे त्यांनी शर्यतीच्या कौतुकात लिहून ठेवलं होतं. बाबांनी चारचौघांत माफी भरली, आणि त्यानंतर त्यांना जेवण जास्त जायला लागलं. कोळशानं कमी भरलं, ही एकच खरी बचत. आणि मॅडमनी सगळ्यांत जास्त भरलं. त्या तिमाहीचे डोंगर साइटवर त्यांच्या तासात अजून तसेच उभे आहेत, कारण एकदा जगाला दाखवलेला आकडा खोडता येत नाही. खाली बारीक अक्षरात खुलासा आहे, पण बारीक अक्षर वाचणारे सगळीकडे नसतात. ते डोंगर त्यांनी एकटीनं चढले, दुसऱ्यांच्या ओझ्यासकट, आणि ते ओझं त्यांना अजून कुणी परत केलेलं नाही.